जुन्या घराच्या नव्या खिडक्या: काच चोख, बसवणी कच्ची

लाकडी चौकटी आणि एकेरी काचांच्या सात खिडक्या काढून आमच्या जुन्या घराला यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या, दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या, त्याला आता एक हिवाळा आणि एक उन्हाळा उलटला आहे.

काचेबद्दल तक्रारीला जागा नाही. एका चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे, किती वॅट उष्णता निसटते हे सांगणारे यू-मूल्य एकेरी काचेसाठी साधारण 5.7 असते; साध्या दुहेरी काचेत ते 2.8 च्या आसपास येते आणि मधल्या पोकळीत आरगॉन वायू व एका काचेवर उष्णता परतवणारा, चांदीचा अतिपातळ लो-ई लेप असला, तर 1.1 ते 1.3 पर्यंत उतरते. आम्ही हा शेवटचा प्रकार घेतला. थंडीच्या पहाटे काचेच्या खालच्या कडेला साचणारे पाणी आणि त्याने धरलेली काळी बुरशी यंदा दिसली नाही. मात्र माहितीपत्रकातील आकडा बहुधा काचेच्या मध्यभागाचा असतो. चौकटीसह सबंध खिडकीचा आकडा आम्हाला दोनदा मागावा लागला आणि तो अर्थातच अधिक निघाला.

ऊन किती आत येते हे यू-मूल्यावरून कळत नाही, त्यासाठी सोलर हीट गेन कोएफिशियंट पाहावा लागतो. पश्चिमेच्या खिडक्यांसाठी आम्ही तो मुद्दाम कमी निवडला होता. तरीही त्यांतील एका खिडकीपाशी दुपारी शेजारच्या खिडकीपेक्षा अधिक झळ लागे. अखेर रात्री काचेसमोर मेणबत्ती धरून पाहिली. दोन काचांचे चार पृष्ठभाग, म्हणून ज्योतीची चार प्रतिबिंबे दिसतात आणि लेप असलेल्या पृष्ठभागावरचे प्रतिबिंब निराळ्या रंगाचे असते. ऊन अडवायचे तर लेप बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा, म्हणजे घरातून मोजताना तिसरे प्रतिबिंब रंगीत दिसायला हवे; या खिडकीत दुसरेच रंगीत होते. काच उलटी बसवली होती! कारागिराने आधी हसण्यावारी नेले, मग मेणबत्ती स्वतःच्या हातात घेतली आणि दुसऱ्या दिवशी काच फिरवून दिली.

बसवणीचे इतर दोषही याच जातीचे. जुन्या भिंती गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात नसतात, त्यामुळे रुंदी व उंची प्रत्येकी तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण मोजून सर्वांत लहान मापाने खिडकी बनवतात व उरलेली फट फोमने भरतात. मापे त्यांनी नीट घेतली, पण दोन खिडक्यांत फोम न भरता वरून नुसती सिलिकॉनची रेघ ओढली. वाऱ्याच्या दिवशी कडेने उदबत्ती फिरवली, तर एका कोपऱ्यात धूर सरळ आडवा झाला. शिवाय चौकटीच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रेही एका ठिकाणी त्याच सिलिकॉनने बुजवली होती. पहिल्या पावसात पाणी आत उतरले, तेव्हा ती मी खिळ्याने मोकळी केली.

माझीही एक चूक झाली. जागा वाचावी म्हणून निजायच्या खोलीत सरकती खिडकी घेतली. बिजागरीची झडप बंद करताना रबरी पट्टीवर घट्ट दाबली जाते, तशी सरकती झडप दाबली जात नाही. तिच्या कडेला रबराऐवजी ब्रशसारखी केसाळ पट्टी असते आणि तिच्यातून वारा थोडा येतोच.

जिन्यातील दोन खिडक्या अजून बदलायच्या आहेत. त्यांना काच हीच आणि झडपा बिजागरीच्या घेणार आहे. बसवणारे मात्र दुसरे पाहतो आहे.