टॉय, मिनिएचर की स्टँडर्ड? पूडल आणण्याआधी केस, खाणं आणि तब्येतीचा हिशोब

पूडल घ्यायचा हे नक्की झालंय पण कुठल्या साइजचा हे ठरत नाहीये, असे खूप जण भेटतात आणि बहुतेकांचा हिशोब एकच असतो, घर लहान म्हणून टॉय, घर मोठं म्हणून स्टँडर्ड. मला हा हिशोब पटत नाही. जागेपेक्षा तुमच्याकडे रोज किती वेळ मोकळा आहे आणि कुठल्या प्रकारची काळजी तुम्हाला झेपेल ते बघा. मी टॉय आणि स्टँडर्ड दोन्ही सांभाळलेत, मिनिएचर बहिणीचा आहे आणि ती बाहेर गेली की महिना महिना माझ्याकडेच असतो, त्यामुळे तिघांचं रोजचं काम हाताखालून गेलंय.

आधी मापं. अमेरिकन केनेल क्लबच्या हिशोबाने खांद्याची उंची १० इंचापर्यंत असेल तर टॉय, १० ते १५ मिनिएचर, १५ च्या वर स्टँडर्ड. वजन टॉयचं साधारण २ ते ३ किलो, मिनिएचरचं साडेचार ते ७, स्टँडर्डचं १८ पासून ३० च्या आसपास. एफसीआय, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची आंतरराष्ट्रीय संघटना, मिनिएचर आणि स्टँडर्डच्या मध्ये अजून एक मीडियम पण मानते, ३५ ते ४५ सेंटीमीटरचा. ‘टीकप’ म्हणून जे विकलं जातं ते दोघांच्याही यादीत नाही, तो टॉयच, अजून लहान काढलेला, आणि खाली टॉयबद्दल जे नाजूकपण सांगितलंय ते त्याच्यात जास्तच धरा.

आता केस, कारण खरं काम इथेच आहे आणि इथे तिघेही सारखेच. पूडलचे केस वाढतच राहतात आणि गळालेला केस जमिनीवर पडायच्या ऐवजी कुरळ्यांमध्येच अडकून बसतो, म्हणूनच घरात केस दिसत नाहीत आणि लोकांना वाटतं की हा कमी कामाचा कुत्रा. उलट आहे. तो अडकलेला केस तुम्ही काढला नाही तर त्याच्या जटा होतात, आधी कानामागे, मग काखेत, पट्ट्याखाली, मांडीच्या आत, म्हणजे जिथे जिथे घासलं जातं तिथे. माझ्या टॉयला मी रोज ब्रश करायचे, रोज, आणि वरून तो अगदी फुललेला दिसायचा, पण ब्रश फक्त वरच्या वर फिरत होता आणि खाली कातडीला लागून सगळं नमद्यासारखं झालं होतं. शेवटी पूर्ण भादरावं लागलं आणि खालची कातडी लाल झालेली बघून मला खूप वाईट वाटलं, कारण इतके दिवस ते ओढलं जात होतं आणि तो सहन करत होता.

तेव्हापासून एकच पद्धत. एका हाताने केस वर धरायचे, भांग पाडायचा म्हणजे कातडी दिसली पाहिजे, आणि एकेक ओळ खाली सोडत मुळापासून टोकापर्यंत स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा), मग त्याच ओळीतून स्टीलचा कंगवा. कंगवा मुळापासून सरळ बाहेर आला तरच झालं समजायचं. आणि हे सगळं आंघोळीच्या आधी, कारण गुंता भिजला की आवळून बसतो. आंघोळीनंतर ड्रायरने ब्रश करत करत मुळापर्यंत वाळवायचं, आपोआप वाळू दिलं तर केस परत आखडतात आणि गुंततात.

वेळेचा फरक मात्र खूप आहे. केस दोन-अडीच इंच ठेवलेत तर टॉयला मला १५ मिनिटं लागतात, मिनिएचरला २५ एक, आणि स्टँडर्डला तास सहज जातो, आंघोळ आणि वाळवणं धरलं तर अर्धा दिवस गेला म्हणा. त्यात साधारण ९ ते १८ महिन्यांच्या मध्ये पिल्लाचा कोट जाऊन मोठ्याचा येतो, त्या काळात जटा इतक्या भराभर होतात की काल विंचरलेलं आज परत गुंतलेलं असतं. पहिल्यांदा पाळणाऱ्यांनी या काळात केस बारीकच ठेवावेत, साइज कुठलीही असो. सात एफ नंबरच्या ब्लेडने ३ मिमीच्या आसपास केस राहतात, कोट तसा बारीक असला तर स्टँडर्डचंही काम आठवड्यातून दोनदा २० मिनिटांवर येतं. बारीक केसांचा पूडल पूडलसारखा दिसत नाही असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की शोमधला तो कॉन्टिनेंटल कट पण कामातूनच आलाय, पाण्यात शिकार आणणाऱ्या कुत्र्याला पोहायला सोपं जावं म्हणून बाकी काढायचे आणि छाती-सांधे गार पडू नयेत म्हणून तिथले ठेवायचे.

ग्रूमरकडे न्यायचं की घरी? चार ते सहा आठवड्यांनी ट्रिमिंग लागतंच. टॉय घरी शिकायला सोपा वाटतो पण मला तो जास्त अवघड गेला, पंजे इतके बारीक की बोटांच्या मधे क्लिपर फिरवताना हात थरथरतो, आणि स्टँडर्ड मोठा असला तरी उभा राहतो शांत. क्लिपर चालवताना ब्लेड मधून मधून मनगटाला लावून बघा, तापतं ते. ग्रूमर असला तरी मधलं विंचरणं तुमचंच आहे, ते कुणी करून देणार नाही.

कान तिघांचेही लोंबते आणि आतूनही केसाळ. ते केस उपटावेत की नाही यावर डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत, माझं असं की कान निरोगी असेल तर हात लावू नये, उपटल्याने आतली कातडी दुखावते, फक्त आठवड्याला वास घेऊन बघायचं आणि आंघोळीनंतर कोरडे करायचे. वास, तपकिरी मळ, सारखं डोकं झटकणं यातलं काहीही दिसलं की डॉक्टर.

खाण्यात तिघे एकदम वेगळे होतात. डॉक्टर लोक वापरतात तो हिशोब लावला तर ३ किलोच्या नसबंदी झालेल्या, वयाने मोठ्या टॉयला दिवसाला साधारण २५५ कॅलरी लागतात, ६ किलोच्या मिनिएचरला ४३० च्या आसपास आणि २५ किलोच्या स्टँडर्डला १२५०. म्हणजे स्टँडर्डचं वजन टॉयच्या आठपट पण खाणं पाचपटच. हा आकडा फक्त सुरुवातीला, पुढे बरगड्यांवरून हात फिरवून कमी-जास्त करायचं, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत पण डोळ्याला टोचता कामा नयेत. ट्रीट्स एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत म्हणतात, टॉयला ते होतात २५ कॅलरी, घरातल्या चार जणांनी एकेक छोटा तुकडा दिला की संपलं, म्हणून टॉय कधी जाड होतो कळतच नाही.

टॉयच्या पिल्लाचा दुसरा प्रश्न उपाशी राहण्याचा. अंगात साठा नसतो, काही तासांचा खंड पडला तरी साखर उतरू शकते, पिल्लू ढिलं पडतं, झोकांड्या खातं, फिट पण येऊ शकते. तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत दिवसाला चार वेळा खायला घाला आणि असं काही दिसलं तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळून लगेच डॉक्टरकडे पळा. दिवसभर घरात कुणीच नसेल तर टॉयचं लहान पिल्लू आणू नका, हे मी अगदी मनापासून सांगते.

स्टँडर्डची भीती उलटी, पोट भरण्याची. छाती खोल असल्यामुळे पोटात गॅस धरून पोट पिळवटू शकतं, कोरड्या उलट्यांचे उमाळे, फुगलेलं पोट, लाळ, एका जागी स्थिर नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, हा तासांचा खेळ आहे. म्हणून दिवसाचं एकच मोठं जेवण नको, दोन किंवा तीन भाग करा, भराभर गिळत असेल तर स्लो फीडर घ्या, जेवणाच्या आगेमागे पळापळ नको. नसबंदीच्या वेळीच पोट शिवून जागेवर बांधता येतं, त्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

ड्राय फूड की घरचं, याचं माझं उत्तर साइजवर नाही, पिल्लू असेल तर कम्प्लीट लिहिलेलं पपी फूडच. घरचं घालायचं तर डॉक्टरांकडून मापं लिहून घ्या, अंदाजाने केलेल्यात कॅल्शियम कमी पडतं, आणि स्टँडर्डच्या पिल्लाला वरून कॅल्शियमची पावडर घातली तर हाडं बिघडू शकतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉलवाली (साखरेऐवजी घालतात ते) कुठलीही गोड वस्तू तिघांनाही विष, फक्त टॉयला फार थोडी पुरते.

आजारांचं बघा. टॉय-मिनिएचरमध्ये गुडघ्याची वाटी सरकते, चालता चालता एक मागचा पाय दोन-चार पावलं उचलून परत टेकतो, लोकांना ते गोड वाटतं, ते दाखवायला हवं. श्वासनळी नाजूक, त्यामुळे गळ्यात पट्टा नको, हार्नेस. आणि दात, तोंड लहान दात तेवढेच, दाटीवाटी होते, दुधाचे दात पडत नाहीत, रोज कुत्र्यांच्या टूथपेस्टने घासणं टॉयला खरोखर रोजच लागतं. दोघांमध्ये डोळ्याचा पीआरए पण येतो, म्हणजे डोळ्याचा आतला पडदा हळूहळू निकामी होण्याचा आनुवंशिक आजार, आधी अंधारात दिसेनासं होतं, त्याची डीएनए टेस्ट होते. स्टँडर्डमध्ये नितंबाचा सांधा, सेबेशियस अ‍ॅडिनायटिस नावाचा कातडीचा आजार, आणि ॲडिसन. ॲडिसन, म्हणजे मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथींची हार्मोन्स कमी पडणं, फसवतो, दोन दिवस मलूल, उलटी, परत बरा, परत मलूल, प्रत्येक वेळी पोट बिघडलं म्हणून सोडून दिलं जातं, म्हणून स्टँडर्डला असं दोनदा झालं की रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासा म्हणून स्वतःहून सांगा. निदान झालं की आयुष्यभर औषध घेऊन कुत्रा छान जगतो.

माझं मत विचाराल तर पहिलाच कुत्रा आणि घरात नोकरीवाले असतील तर मिनिएचर, केस बारीक ठेवून. घरात लहान मुलं असतील तर टॉय नको, उडी मारताना किंवा कडेवरून पडून हाड मोडतं. रोज तासभर चालायची तयारी आणि पोटाच्या इमर्जन्सीला रात्री पण गाठता येईल असा दवाखाना जवळ असेल तर स्टँडर्डसारखा सोबती नाही. पिल्लू बघायला जाल तेव्हा आईवडिलांचे रिपोर्ट मागा, टॉय-मिनिएचरचे गुडघे आणि पीआरए, स्टँडर्डचे नितंबाचे एक्सरे, आणि आईच्या कानामागे बोटं घालून बघा, तिथे जटा लागल्या तर त्या घरात बाकी काय काय बघितलं गेलं नसेल ते विचारूनच पुढचं बोला.