फिरत्या जहाजाला जहाज जोडायचंय: वॉल्ट्झवाला सीन की ऑर्गनवाला?

परवा खारघरहून मामेभावाचा फोन, दादा शनिवारी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर लावतोय, स्पेसशिपचा एकदम भारी सीन असलेला एकच पिक्चर सांग, लिस्ट नको. तर त्याला फोनवर जे बडबडलो तेच इथे टाकतोय.

माझ्या मते खरी लढत दोघांतच, '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) आणि 'इंटरस्टेलर' (२०१४), कारण गंमत अशी की दोन्हीकडे काम एकच आहे, गरागरा फिरणाऱ्या मोठ्या धुडाला छोटं यान नेऊन जोडायचं. ठाण्याला सुटलेली लोकल धरणारे बघितलेत ना (तुम्ही धरू नका, मी कॉलेजात असताना गुडघा फोडून घेतलाय), जो जागेवर उभा राहून दांडा पकडतो तो फेकला जातो, आणि जो गाडीबरोबर तिच्याच स्पीडने पळतो त्याच्यापुरती गाडी क्षणभर थांबते आणि तो आत जातो. डॉकिंग म्हणजे तेच, फक्त पळायच्या ऐवजी स्वतःभोवती फिरायचं, समोरचं जितकं फिरतंय तितकंच आणि त्याच दिशेला.

'२००१' पिक्चरमध्ये हे काम इतक्या निवांत होतं की विचारू नका. मागे स्ट्रॉसचा ब्लू डॅन्यूब वॉल्ट्झ, कोणी एक अक्षर बोलत नाही (पिक्चरमधला पहिला संवादच साधारण २५ मिनिटांनी येतो), यानातला एकमेव प्रवासी झोपलाय आणि त्याचं पेन हवेत तरंगतंय. ते पेन म्हणजे कमाल आहे, मोठ्या काचेला टेपने चिकटवलेलं आणि ती काच फिरवलेली, एअर होस्टेस येऊन ते हवेतून 'पकडते' तेव्हा खरं तर काचेवरून सोलून काढते. तेव्हा कॉम्प्युटर ग्राफिक्स कुठलं, माणूस चंद्रावर उतरायलाही अजून वर्ष होतं. मी हा सीन किती वेळा बघितलाय मोजलं नाही, आणि दर वेळी वाटतं की अंतराळात जाणं ही रोजची कंटाळवाणी गोष्ट झालीये हे दाखवायला असं धाडस लागतं. पण खरं सांगू, क्लबहाऊसमध्ये लावलात तर निम्मी पब्लिक वडापाव आणायला उठेल.

इंटरस्टेलरमध्ये तेच काम, पण जिवावर बेतलेलं. स्फोट होतो (कसा ते सांगत नाही), आणि तो स्फोट बघताना आवाजच नाही, कारण बाहेर हवाच नाही, आणि मग ते मोठं जहाज मिनिटाला ६७-६८ फेऱ्या मारत खाली ग्रहाकडे घसरायला लागतं आणि हिरो म्हणतो जोडायचं म्हणजे जोडायचं. संगीतकार हान्स झिमरचा ऑर्गन सुरू होतो, लंडनच्या टेंपल चर्चमधला खराखुरा ऑर्गन आहे तो, आणि खुर्ची थरथरते. हिशोब लावणाऱ्यांसाठी: ते जहाज म्हणजे गोल कडं, फिरलं की आतली माणसं बाहेरच्या बाजूला दाबली जातात आणि वजन जाणवतं; पृथ्वीइतकं वजन जाणवायला त्याला मिनिटाला पाच-सहा फेऱ्या पुरतात, इथे वेग बारापट झाला आणि बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो म्हणजे जवळजवळ दीडशेपट, ते कडं चिंध्या होऊन उडायला हवं होतं. पिक्चरचा सल्लागार भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नसारखा माणूस, ज्याला २०१७ मध्ये नोबेल मिळालं, तरी हे चाललं. पण बघताना यातलं काही सुचत नाही, मला दुसऱ्या दिवशी ट्रान्स-हार्बरला ऐरोलीच्या आसपास सुचलं.

बाकीचे पटकन. 'स्टार वॉर्स'ची (१९७७) सुरुवात, डोक्यावरून संपतच नाही असं जाणारं जहाज, अजूनही मस्त, आणि ते मॉडेल जेमतेम तीन फुटांचं होतं, पण तो सीन सुरू होईपर्यंत संपतो. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'मध्ये अख्खं जहाज वातावरणात दगडासारखं कोसळत येतं तो तिसऱ्या सीझनचा एपिसोड, अंगावर काटा, पण आधीचे दोन सीझन बघितल्याशिवाय काही अर्थ नाही. आणि 'द एक्सपान्स' माझी लाडकी सीरिज, त्यातली जहाजं आडवी विमानासारखी नसून घोडबंदरच्या टॉवरसारखी, मजल्यावर मजला आणि तळाला इंजिन, म्हणजे इंजिन चालू असलं की पाय आपोआप जमिनीवर. अर्ध्या वाटेत जहाज उलटं करून ब्रेक मारतात ते बघाच. फक्त पहिल्या सीझनच्या चौथ्या एपिसोडला पोरांना बाहेर पाठवा, का ते कळेल.

तर भावाला सांगितलं, एकटा असशील, रात्र असेल, हेडफोन असतील तर २००१. बिल्डिंगच्या पोरांसोबत इंटरस्टेलरच, पण प्रोजेक्टरचा आतला स्पीकर चालणार नाही, गणपतीतले मोठे बॉक्स काढ, नाहीतर अर्धा सीन गेला. आणि पिक्चर १६९ मिनिटांचा आहे, डॉकिंग दोन तास उलटल्यावर येतं, तुमचे सेक्रेटरी दहाला लाईट बंद करतात, म्हणजे सातच्या आत प्ले दाब, चहाचा ब्रेक वगैरे काही नाही.