सफरचंदाची दोन कलमे, साडेचार वर्षे आणि प्लास्टिकची एक पट्टी

जानेवारी 2021 मध्ये हिमाचलमधून मागवलेली सफरचंदाची दोन कलमे मी नाशिकमधील मखमलाबादच्या घरामागील जागेत लावली. एक हरमन 99 आणि दुसरे अण्णा. या जाती उष्ण भागातही फळतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. हरमन 99 ही बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावचे हरिमन शर्मा यांनी शोधलेली जात असून 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अण्णा ही जात इस्रायलची आहे, पण नावामुळे आमच्या घरात तिला पहिल्या दिवसापासून वडीलधाऱ्याचा मान मिळाला. ‘नाशकात सफरचंद येते का’ याचे उत्तर ‘येते’ असेच आहे. मला लिहायचे आहे ते मुख्यतः बोटभर रुंदीच्या एका प्लास्टिकच्या पट्टीविषयी.

मे 2024 मध्ये एका संध्याकाळी वळवाचा वारा सुटला. पाऊस फारसा झालाच नाही, मात्र सकाळी पाहिले तेव्हा डोक्याच्या वर गेलेले हरमनचे झाड कलमाच्या जोडावर काडकन मोडून आडवे पडले होते आणि त्यावर चौदा हिरवी फळे तशीच लटकलेली होती. मोडलेली जागा हाताने चाचपली, तेव्हा लाकडात रुतलेली पांढरी पट्टी सापडली. कलम बांधताना खालचा मुळांचा खुंट आणि त्यावर जोडलेली कलमकाडी घट्ट राहावी म्हणून गुंडाळलेली ती पट्टी तीन वर्षांत कोणी काढलीच नव्हती. पट्टीच्या वर खोड मनगटाएवढे जाड झालेले, खाली जेमतेम अंगठ्याएवढे, आणि मधोमध दोरीने आवळल्यासारखा काच. इतका खोल काच पडलेले झाड तोपर्यंत उभे कसे राहिले, याचेच नवल वाटते.

रोपवाटिकेला दूरध्वनी केला. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “साहेब, फूट निघाल्यावर पट्टी काढायची असते, हे कोणालाही माहीत असते.” मला माहीत नव्हते. साडेतीनशे रुपयांच्या रोपासोबत खत किती घालावे, पाणी किती द्यावे, अभिप्रायात रोपवाटिकेला किती तारे द्यावेत, हे सारे छापून पाठवणाऱ्या मंडळींना एक ओळ अधिक छापण्यास काय खर्च आला असता, असे मी विचारले. त्यांनी दुसरे रोप निम्म्या किमतीत देऊ केले, वाहतूक माझ्याकडे. वाहतूक रोपापेक्षा महाग होती. मी नकार दिला आणि त्याच रात्री एक तारा देऊन मोकळा झालो.

तो तारा अन्यायाचा होता, असे आता थोडेसे वाटते. कारण पाणी वाचवण्यासाठी मी दोन्ही झाडांच्या बुंध्याशी उसाच्या पाचटाचे जाड आच्छादन केले होते आणि हरमनचा जोड त्यात कायमचा गाडला गेला होता. अण्णाच्या बाजूला पाचट कमी पडले. तेथील पट्टी उन्हाने वाळून आपोआप तडकली होती. उरलेली मी ब्लेडने कापून काढली. त्या खोडावर वळ अजून आहे, पण झाड तगले. जोड मातीच्या किंवा पाचटाच्या वर उघडा ठेवावा, हे मला काटकसरीने शिकवले नाही; मोडलेल्या झाडाने शिकवले.

बाकीचा अनुभव थोडक्यात सांगतो. आमची माती काळी आहे आणि सफरचंदाच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही, म्हणून मुरूम मिसळून उंच वाफा केला. हा खर्च टाळू नये. थंडीचा प्रश्न मात्र खरा आहे. डोंगरी जातींना 7 अंशांखालील थंडी हजाराच्या आसपास तास लागते. जिल्ह्यात सर्वांत कडक थंडी निफाडला पडते, तेथेही एवढे तास भरणे शक्य नाही. माझ्या या दोन जातींना त्यामानाने फारच कमी पुरते. तरीही पहिली दोन वर्षे माझी झाडे हिवाळ्यात हिरवीगार उभी राहिली आणि फुलली नाहीत.

उपाय शेजारच्या द्राक्षबागायतदार काकांनी सुचवला. त्यांचे म्हणणे असे, की झाड झोपत नसेल तर त्याला झोपवावे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठिबक बंद करायचे, पाने एकेक करून हाताने ओरबाडायची आणि हलकी छाटणी करून पुन्हा पाणी सोडायचे. इंडोनेशियातील बाटू येथे थंडी नसतानाही हाताने पाने काढूनच सफरचंद फुलवतात, हे मी नंतर वाचले. काकांनी द्राक्षाच्या डोळ्यांना लावायचे उरलेले हायड्रोजन सायनामाइडही देऊ केले. ते विषारी रसायन घरच्या परसात नको म्हणून मी हात जोडले. फेब्रुवारी 2024 मध्ये दोन्ही झाडांना एकाच सुमारास गुलाबीसर पांढरी फुले आली. दिवाणखान्यातील पाहुणे त्या आठवड्यात थेट परसातच नेले जात.

पुढची चूक सर्वस्वी माझी. प्रत्येक गुच्छात तीन-चार फळे धरली होती. विरळणी करून गुच्छामागे एकच ठेवावे, असे काकांनी दोनदा बजावले; पण तीन वर्षे वाट पाहून आलेले फळ स्वतःच्या हाताने खुडून टाकणे मला जमले नाही. परिणामी जूनच्या मध्यावर अण्णाने दिलेल्या सव्वीस फळांपैकी सात धड निघाली आणि उरलेली लिंबाहून थोडी मोठी. परदेशी बागांमध्ये दोन इंचांहून लहान फळाच्या सफरचंदाला क्रॅबॲपल म्हणतात; त्या मापाने मी अस्सल अण्णाच्या झाडावर क्रॅबॲपल पिकवली. हिमाचलच्या बागांत क्रॅबॲपलची झाडे परागीकरणासाठी मुद्दाम लावतात, हा भाग वेगळा. त्या चिमुकल्या फळांचा साखर घालून केलेला मुरंबा मात्र वेगळे काही न घालताच छान आळला, कारण सफरचंदात पेक्टिन भरपूर असते. मोठी सात आम्ही तशीच खाल्ली. गोड, किंचित आंबट, करकरीत. बाजारातल्या मेण लावलेल्या फळापेक्षा निश्चित चांगली. पंधरवड्यानंतर मात्र ती पिठूळ झाली.

तोडणीबाबत एक सांगणे आवश्यक आहे. आमच्याकडे फळ पुरते लाल होत नाही, त्यामुळे रंगावर विसंबू नये. एक फळ कापून बी तपकिरी झाले आहे का ते पाहावे. किंवा कापलेल्या फोडीवर टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकावेत. फोड काळीनिळी पडली तर फळातल्या पिष्टाची (स्टार्चची) साखर अजून झालेली नाही. तोडताना फळ वर उचलून किंचित पिळावे, खाली ओढू नये. ओढल्यास ज्या आखूड काडीवर पुढच्या वर्षीही फळ येते, तीच निघून येते. माझ्या नातवाने अशा चार काड्या आणल्या आणि मी त्या मोजून ठेवल्या आहेत.

मोडलेल्या हरमनच्या बुडातून पावसाळ्यात जोमाने फुटवे आले. झाड परतले म्हणून मी पेढे वाटण्याच्या बेतात होतो; काकांनी पान पाहून सांगितले, की हा जोडाखालचा जंगली खुंट आहे. जानेवारी 2025 मध्ये त्यांच्याकडे डॉगरिज नावाच्या खुंटावर द्राक्षाची कलमे बांधणारा कारागीर आला होता. त्याने अण्णाच्या छाटणीतल्या दोन काड्या घेऊन त्या खुंटावर दहा मिनिटांत पाचर कलम बांधले, पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. दोन्ही काड्या फुटल्या. जाताना तो मला म्हणाला, “काका, दोन महिन्यांनी पट्टी सोडा बरं.” साडेतीनशे रुपयांत जे वाक्य मिळाले नाही, ते चहावर मिळाले. पट्टी मी एकोणसाठाव्या दिवशी सोडली.

या वर्षी मत पुन्हा बदलावे लागले. फुलोरा फक्त अण्णाला होता, सोबतीला हरमन नव्हता, आणि फुले भरपूर असूनही फळे अकराच धरली. ‘एकटे रोपही फळते’ हा रोपासोबत आलेल्या चिठ्ठीवरील दावा खोटा नाही, पण अपुरा आहे. दुसऱ्या जातीचे झाड शेजारी हवेच. पाचटाची चूक माझीही असल्याने दिलेला एक तारा मी तीनवर नेला आहे आणि अण्णाला जोडीदार हवा म्हणून येत्या जानेवारीसाठी डॉर्सेट गोल्डन या जातीचे एक कलम त्याच रोपवाटिकेकडे नोंदवले आहे, कारण गल्लीतील आणखी दोघे मागवत असल्याने वाहतूक तिघांत विभागली जाते. मागणीसोबत मी पट्टीविषयीची सूचना ठळक अक्षरांत छापून पाठवण्याची विनंती केली. उत्तरादाखल त्यांनी अंगठा पाठवला.