डीएमईसीएस: कृत्रिम हाताच्या ॲक्सेसरीजचे कोड तपासायला कितपत कामाचे?

मेडिकेअरकडे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याकडे, कृत्रिम हातांचे क्लेम पाठवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी डीएमईसीएस उघडावेच लागते. उपकरणांचे कोड आणि दर पाहणाऱ्या पीडीएसी या मेडिकेअरच्या कंत्राटदाराच्या साइटवरचे हे मोफत शोधसाधन. २०१९ पासून पीडीएसीचे काम पाल्मेटो जीबीए या कंपनीकडे आहे. बिलासाठी प्रत्येक वस्तूला ठरवलेल्या कोडचे पूर्ण वर्णन, मॉडिफायर (कोडला जोडायची दोन अक्षरांची खूण) आणि राज्यनिहाय फी एकाच ठिकाणी मिळते. हाती असलेला कोड तपासायला हे उत्तम आहे, पण नवा कोड शोधून काढायला बेताचेच.

अडचण शब्दांची. क्लिनिकच्या नोंदीतला शब्द आणि अधिकृत वर्णनातला शब्द क्वचितच जुळतो. ‘सॉक’ (कृत्रिम अवयवाच्या आत घालायचा मोजा) शोधले तर पायांचे कोडही येतात: गुडघ्याखालचा एल८४२०, वरचा एल८४३०. हाताचा मल्टिपल प्लाय (अनेक पदरी) सॉक एल८४३५, सिंगल प्लाय (एक पदरी) एल८४८५, शीथ (पातळ आवरण) एल८४१५ आणि श्रिंकर (सूज उतरवणारे घट्ट आवरण) एल८४६५. सॉकेट, रिस्ट युनिट (मनगटाचा भाग), केबल, हार्नेस हे सगळे एल६००० ते एल७४९९ या पट्ट्यात असल्याने नवखा माणूस सॉकही तिथेच शोधत बसतो.

कोड सापडला की मात्र वर्णन शेवटच्या शब्दापर्यंत वाचावे. पैसे अडकतात ते बहुधा युनिटमध्ये. एल६६०० हा पॉलिसेंट्रिक हिंजचा (एकाहून अधिक आसांच्या बिजागरीचा) कोड ‘जोडी’साठी आहे, म्हणजे दोन हिंज बसवले तरी युनिट एकच. उलट एल६६१६, म्हणजे डिस्कनेक्ट लॉकिंग रिस्टचा (पुढचे साधन काढता-लावता येणाऱ्या मनगटाचा) जादा इन्सर्ट, ‘प्रत्येकी’ मोजला जातो. मूळ रिस्ट युनिट एल६६१५. एकाच मनगटावर आलटूनपालटून हुक आणि हात लावणाऱ्याच्या क्लेममध्ये हा इन्सर्ट हमखास विसरला जातो. ग्लोव्हचे (कृत्रिम हातावरच्या आवरणाचे) दोन कोड आहेत, तयार मिळणारा एल६८९० आणि खास बनवलेला एल६८९५. पहिल्यात फिटिंग व ॲडजस्टमेंट धरलेले आहे, त्याचे वेगळे बिल लावू नये.

बॅटरीच्या बाबतीत तर हे साधन सोन्यासारखे. एल६९३५ हा कोपराखालच्या मायोइलेक्ट्रिक (स्नायूंच्या विद्युत संकेतांवर चालणाऱ्या) हाताचा कोड. त्याच्या वर्णनातच दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर आहेत. नवीन हात देताना त्यावर लिथियम आयन बॅटरीचा एल७३६७ किंवा चार्जरचा एल७३६८ चढवला, तर एकाच वस्तूचे दोनदा बिल होते. दोन्हींच्या वर्णनात ‘बदली’ असे स्पष्ट लिहिले आहे. सहा व्होल्टच्या बॅटरीला एल७३६०, बारा व्होल्टला एल७३६४. व्होल्टेज बॅटरीवरच पाहावे, जुन्या क्लेमवरून उचलू नये.

वर्णनात ‘ऑटो बॉक किंवा तत्सम’ असे कंपनीचे नाव दिसले म्हणून बिचकू नये. उदाहरणार्थ एल६६२८, क्विक डिस्कनेक्ट हुक अडॅप्टर. ‘तत्सम’मध्ये दुसऱ्या कंपनीचा त्याच कामाचा भाग बसतो.

दुरुस्तीबाबत डीएमईसीएस तोकडे पडते. एल७५१० किरकोळ सुटे भाग, एल७५२० मजुरी, दर १५ मिनिटांना एक युनिट, इतकेच ते सांगते. स्वतंत्र कोड असलेला भाग बदलला, तर त्याची मजुरी त्याच कोडच्या रकमेत धरलेली असते, तिथे एल७५२० लावायचा नाही. हा नियम वर्णनात नसून मेडिकेअरच्या धोरणाच्या मजकुरात आहे. मॉडिफायर असे: दुरुस्तीत बदललेल्या भागाला आरबी, अख्खे उपकरण बदलल्यास आरए. डाव्या-उजव्याचे एलटी आणि आरटी तर हवेतच. दोन्ही हातांना एकच वस्तू दिली तर दोन वेगळ्या ओळी लिहाव्यात.

प्रॉडक्ट क्लासिफिकेशन लिस्ट, म्हणजे कोणत्या मॉडेलला कोणता कोड याची यादी, वापरतानाही भान हवे. एखादे मॉडेल तिथे दिसले नाही, याचा अर्थ त्याला कोड नाही असा होत नाही. बहुधा त्याची पडताळणी झालेली नसते. आणि दिसले, म्हणून पैसे मिळतीलच असेही नाही. खरोखरच कुठलाच कोड बसत नसेल तर एल७४९९ वापरावा आणि निर्माता, मॉडेल, किंमत, वैद्यकीय गरज क्लेममध्येच लिहावी. इथे ठरलेली फी नसल्याने फीचा शोधही उपयोगाचा नाही.

फी पाहताना राज्य बरोबर निवडावे आणि वर्ष सेवेच्या तारखेचे घ्यावे. कोडची यादी दर तिमाहीला बदलू शकते, म्हणून छापून भिंतीवर लावलेल्या तक्त्यापेक्षा क्लेम पाठवण्याआधीची एक मिनिटाची तपासणी केव्हाही बरी.