क्लाऊडवरील ‘एरा-५’ : मान्सूनच्या अभ्यासकाचा अनुभव

एखादे हवामान मॉडेल मान्सूनचा पाऊस कितपत नेमका दाखवते हे तपासण्यासाठी गतकाळाची सलग नोंद लागते. निरीक्षणे आणि मॉडेल यांचा मेळ घालून तयार केलेली, १९४० पासूनची ‘एरा-५’ ही हवामानाची तासागणिक नोंद त्यासाठी जगभर वापरली जाते. ही माहिती गूगलच्या क्लाऊडवर (इंटरनेटवरून वापरता येणाऱ्या संगणकांवर) ‘झार’ (Zarr) या, माहिती लहान तुकड्यांत साठवणाऱ्या स्वरूपात सर्वांसाठी खुली आहे. सह्याद्रीतील पावसाच्या अभ्यासासाठी मी ती वापरली.

पृथ्वीभोवती पाव अंशाची जाळी धरली तर एका तासाच्या एका नकाशात सुमारे १० लाख ३८ हजार बिंदू येतात, आणि एकाच घटकाची वर्षभराची माहिती न दाबता ठेवल्यास ३६ जीबीच्या घरात जाते. तीस वर्षांची माहिती उतरवून घेणे लहान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला झेपणारे नाही. इथे मात्र ‘एक्सरे’ (Xarray) आणि ‘डास्क’ (Dask) या पायथॉन भाषेतील साधनांच्या साहाय्याने माहिती आहे तिथेच गणित करता येते आणि हाती फक्त निष्कर्ष येतो. याचे मोल मला फार वाटते, कारण मोठ्या संस्थेत जागा न मिळालेला विद्यार्थीही आता तोच प्रश्न हाती घेऊ शकतो.

रचनेची एक मर्यादा आधीच समजून घ्यावी. मूळ मांडणीत दर तासाचा जागतिक नकाशा हा एक स्वतंत्र तुकडा आहे. त्यामुळे एका दिवसाचा संपूर्ण भारत झटकन मिळतो, पण केवळ महाबळेश्वरचा वर्षभराचा पाऊस काढायचा तर ८,७६० तुकडे उघडावे लागतात. मी आपल्या भागापुरती प्रत एकदाच नव्याने तुकडे पाडून ठेवली आणि पुढचे काम सुकर झाले. महाबळेश्वर आणि वाई यांच्या पावसातील प्रचंड तफावत मात्र या जाळीत नीट उमटत नाही, कारण दोन्ही गावे जेमतेम एका चौकटीच्या अंतरावर आहेत.

खर्चाबाबत सावध राहावे. भाड्याने घेतलेला क्लाऊडवरील संगणक माहिती जिथे साठवली आहे त्याच भौगोलिक विभागात असावा. दुसऱ्या एका क्लाऊड कंपनीकडे मी हे पाहिले नाही आणि माहिती बाहेर नेण्याचे शुल्कच गणनेपेक्षा जास्त भरावे लागले.

प्रत्यक्ष मॉडेल शंभर वर्षे चालवण्यासाठी मी क्लाऊडची शिफारस करणार नाही. त्यात हजारो प्रोसेसर क्षणोक्षणी एकमेकांशी बोलत असतात. त्यासाठी पुण्याच्या ‘अर्क’सारख्या महासंगणकावर वेळ मागणेच योग्य.