तळघराचं वॉटरप्रूफिंग करणार असाल तर गॅरंटी कार्डाची मागची बाजू आधी वाचा

पुण्यात तळघरवालं घर असेल तर हे वाचाच, कारण ही वॉटरप्रूफिंगवाली मंडळी बरोबर एप्रिल-मेमध्येच दारात येतात. आमचं वारज्यात उतारावर जुनं रो हाउस आहे, खाली बेसमेंट, बाबांची अवजारं, जुनी पुस्तकं, माझी सायकल सगळं तिथंच. पावसाळ्यात भिंतीला ओल यायची, पोपडे निघायचे, एवढंच. पण 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी घुसलं तेव्हापासून बाबा धास्तावलेले आणि असाच एक वॉटरप्रूफिंगवाला पुढच्या उन्हाळ्यात येऊन नेमकं तेच बोलला, "काका, या वर्षी तुमचा नंबर."

कोटेशन 1 लाख 85 हजार. भिंतीत भोकं पाडून निपल म्हणजे छोट्या नळ्या बसवायच्या, त्यातून प्रेशरने पीयू ग्राउटिंग, म्हणजे पॉलीयुरेथेन नावाचं केमिकल आत भरायचं, वरून केमिकलचे दोन कोट आणि 10 वर्षांची गॅरंटी, तीही लॅमिनेट केलेल्या कार्डावर. मेअखेर काम संपलं, तळघर पांढरंशुभ्र आणि ठणठणीत कोरडं. अहो, मे महिन्यात कोरडं नसेल तर कधी असणार! बाहेर दोन बादल्या पाणी ओतून टेस्टिंगचं नाटक झालं आणि पूर्ण चेक घेऊन गडी गेला.

जूनमध्ये काहीच नाही. आपल्याकडे वर मुरूम, खाली काळा पाषाण, पहिला पाऊस जमीनच पिऊन टाकते, मग खडकाच्या फटी भरल्या की पाणी उताराने आडवं सरकतं आणि वाटेत तळघराची भिंत लागते. ऑगस्टमध्ये भिंत आणि फरशीच्या सांध्यातून पाणी सुरू झालं, पांढऱ्या कोटला फुगे आले, बोटाने टोचलं की चिळकांडी आणि पापुद्रा हातात. शेजारचे काका रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर, ते म्हणाले बाहेर 1 मीटर पाणी साठलं तर तळाशी चौरस मीटरला साधारण 1 टन दाब येतो, आतून मारलेला कोट तो काय डोंबल अडवणार. खरं काम बाहेरच्या बाजूने, बांधकामाच्या वेळी खोदाई उघडी असतानाच, शहाबादी फरशी लावून बॉक्स टाइप, म्हणजे तळघराभोवती पेटीसारखं करतात.

मग त्यांनी पक्कड मागवली आणि एक निपल उपटला. पीयू पाण्याला लागलं की फेसाळून फुगतं आणि घट्ट बसतं, इथे भोक जेमतेम दोन इंच आणि आत ड्रिलचा भुगा तसाच, चिखल होऊन बसलेला. बाकीचे बघितले, बहुतेक तेच. म्हणजे आत पीयू भरलंच नव्हतं, निपल नुसते शोभेला.

फोन केला तर म्हणे कॉर्पोरेशनची लाइन लीक असेल, ते गॅरंटीत बसत नाही. आरओवाल्याकडून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, आणला, नळाचं पाणी एकदम कमी, तळघरातलं आणि बोअरचं जवळपास सारखंच जास्त. हे सांगितलं तर लगेच "मग ते ग्राउंड वॉटर आहे, ते पण गॅरंटीत नाही, कार्डामागे बघा"! बघितलं, खरंच बारीक अक्षरात भूजल, पाण्याचा दाब, तडे सगळं वगळलेलं. आता तळघरात पाणी दुसरीकडून कुठून येतं तेवढं त्याने सांगावं. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर रद्द झालेला निघाला. हे फुकटात, दोन मिनिटांत बघता येतं, चेक द्यायच्या आधी बघा.

आता काय केलंय, तर गच्चीचा पाइप भिंतीलगतच पडत होता तो लांब नेला, आत कडेने छोटी नाली, कोपऱ्यात खड्डा करून फ्लोटवाला, म्हणजे पाणी चढलं की आपोआप चालू होणारा पंप, तो इन्व्हर्टरवर, कारण लाइट नेमकी पावसातच जाते. पाणी येतं, पण पंप ते बाहेर पावसाळी गटारात टाकतो. कोणाला काम द्यायचंच असेल तर निदान एक तृतीयांश पैसे गणपती होईपर्यंत हातात ठेवा आणि वर्क ऑर्डरमध्ये "भूजलासह" हा शब्द लिहून घ्या, लिहायला नाही म्हणाला तर तिथेच चहा पाजून वाटेला लावा.

निपल पिशवीत भरून ठेवलेत, ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय, 2 वर्षांच्या आत करावी लागते आणि 5 लाखांपर्यंत फी नाही. परवा बावधनच्या मित्राने व्हॉट्सॲपवर आलेली एक जाहिरात पाठवली, फर्मचं नाव नवीन, पण "काम झाल्यानंतर" म्हणून जो फोटो लावलाय त्यात कोपऱ्यात माझी सायकल आहे. तोही स्क्रीनशॉट तक्रारीला जोडलाय.