बॉट-संरक्षण ओळखणारं टूल: आठ महिने पैसे भरल्यावर

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात रात्री साडेदहाला वाशीच्या मसाला मार्केटमधून फोन आला. सुक्या मेव्याचे व्यापारी, त्यांची वेबसाइट मी सांभाळतो. "अहो, पैसे खात्यात जमा झालेत आणि ऑर्डरसमोर 'पेमेंट बाकी' दिसतंय. गिऱ्हाइकांचे फोन थांबत नाहीत." ती रात्र आली नसती तर हे टूल मी केव्हाच बंद केलं असतं.

टूलचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याशी परताव्याचा वाद अजून मिटलेला नाही. पत्ता दिला की ते पान मागवतं, हेडर (उत्तरासोबत येणारी माहिती), कुकी (ब्राउझरमध्ये ठेवली जाणारी छोटी नोंद) आणि स्क्रिप्ट तपासतं आणि बॉट, म्हणजे माणसाऐवजी साइटवर येणारे प्रोग्राम, अडवायला साइटपुढे कोणती यंत्रणा बसवली आहे ते सांगतं. एबीसीके कुकी दिसली की अकामाई, व्हिजिड-इनकॅपने सुरू होणारी दिसली की इम्पर्व्हा. डेटाडोमची कुकी तर त्याच्या नावाचीच असते. या तिन्ही अशा यंत्रणा विकणाऱ्या कंपन्या. वागळे इस्टेटमध्ये आमचं दोन माणसांचं ऑफिस, सांभाळायला एकोणीस साइट. साइट चालू आहे का हे बघणारा आमचा प्रोग्राम रोज कुठेतरी अडायचा, म्हणून महिना ८९९ रुपये अधिक जीएसटी भरायला लागलो.

आता मुख्य तक्रार. सीएफ-रे हा हेडर दिसला की हे टूल लाल अक्षरात 'बॉट-संरक्षण सक्रिय, खात्री ९५ टक्के' असं लिहितं. हे साफ चूक आहे. क्लाउडफ्लेअर ही साइटच्या पुढे बसून तिची वाहतूक हाताळणारी कंपनी, आणि तिच्यामधून जाणाऱ्या प्रत्येक विनंतीला सीएफ-रे मिळतो. तो त्या विनंतीचा क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटी डेटा सेंटरजवळच्या विमानतळाची तीन अक्षरं असतात. ठाण्यात बसून मला तिथे बहुतेक वेळा बीओएम दिसतं. त्यावरून वाहतूक त्यांच्याकडून जाते एवढंच कळतं. खरोखर अडवून तपासणी चालू असेल तर उत्तरात सीएफ-मिटिगेटेड हेडर येतो आणि त्यात 'चॅलेंज', म्हणजे समोर माणूस आहे का हे तपासणारं कोडं, असं लिहिलेलं असतं. तपासणी पार केली की सीएफ-क्लिअरन्स कुकी मिळते. बॉट ओळखण्यासाठीची सीएफ-बीएम ही आणखी वेगळी कुकी, ती तीस मिनिटं वापर नसला की संपते. या वेगवेगळ्या खुणा आहेत आणि टूल सगळ्यांना एकाच पोत्यात भरतं. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटी एजन्सीची पाटी सहा वर्षांपासून आहे. केबिनमध्ये रात्री माणूस असतो का, ते पाटी वाचून कळत नाही.

याची किंमत मी मोजली आहे. नौपाड्यातल्या एका क्लासच्या अहवालात मी टूलवर विसंबून 'संरक्षण आहे' असं लिहिलं. जूनमध्ये एका रात्रीत त्यांच्या प्रवेश-अर्जात बाराशे खोट्या नोंदी पडल्या. मॅडमना समोर जाऊन माफी मागितली आणि नोंदी हाताने साफ करून दिल्या, बिल लावलं नाही. मग टूलवाल्यांना हेडरच्या प्रतींसकट पाच मेल केले. प्रत्येक वेळी तेच साचेबंद उत्तर: कॅशे साफ करून पुन्हा तपासा. ऑगस्टमध्ये मी परतावा मागितला.

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं. दिवाळीच्या त्या रात्री ते थोडं हललं. टूलमध्ये एक सोय आहे, जी मी तोवर नीट वापरलीच नव्हती: एकच पत्ता ते दोनदा मागवतं, एकदा साध्या प्रोग्रामसारखं आणि एकदा खऱ्या ब्राउझरमधून, आणि दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी ठेवतं. मुखपृष्ठावर दोन्हीकडे २००, म्हणजे सगळं ठीक. पेमेंट कंपनी जिथे 'पैसे मिळाले' असा निरोप पाठवते तो पत्ता टाकला, तर ब्राउझरला वाट मोकळी आणि प्रोग्रामला ४०३, म्हणजे प्रवेश नाही. चार दिवसांपूर्वी खोट्या ऑर्डरी वाढल्या म्हणून शेठच्या भाच्याने पॅनलमधून बॉट अडवायचं बटण चालू केलं होतं. पेमेंट कंपनीचा सर्व्हर म्हणजे ब्राउझर नव्हे. तो जावास्क्रिप्ट चालवत नाही, कोडं सोडवू शकत नाही, त्यामुळे त्याचा निरोप दारातूनच परत जात होता. तेवढा एक पत्ता तपासणीतून वगळला, निरोपावरची सही (तो पेमेंट कंपनीचाच आहे याची खूण) आमच्या बाजूने पडताळली जाते ना ते बघितलं, अडकलेले निरोप पुन्हा मागवले. पावणेबाराला ऑर्डरी हिरव्या झाल्या. हेच शोधायला मला एरवी सकाळ झाली असती.

'सखोल तपासणी' मात्र विचार करूनच दाबा. ती हल्ल्यासारखा मजकूर मुद्दाम पाठवून साइट काय करते ते बघते. मी दाबली आणि ऑफिसचा आयपी दिवसभर बंद पडला. आता ग्राहकाची लेखी परवानगी असल्याशिवाय मी ती चालवत नाही, परक्यांच्या साइटवर तर कधीच नाही.

निव्वळ नाव ओळखायचं असेल तर पैसे खर्चू नका. वॅफवूफ हे पायथनमधलं मोफत टूल आहे, तेही आधी साधी विनंती पाठवतं आणि त्यातून कळलं नाही तर हल्ल्यासारखी. माझं तेवढं काम त्यात होतं. शेजारी-शेजारी तुलना मात्र त्यात नाही, आणि तिच्यासाठीच मी अजून पैसे भरतो आहे. वार्षिक योजनेत दोन महिने फुकट देतायत, तरी घेतलेली नाही. तो ९५ टक्क्यांचा लाल शिक्का दुरुस्त होईपर्यंत एकेक महिनाच भरणार, आणि अहवालात यंत्रणेच्या नावापुढे चॅलेंज स्वतः पाहिलं की नाही, हे मी हाताने लिहितो.